अस्सल बरहुकूम

ताळा चुकला तो दुपारी चारच्या चहाच्या वेळी. त्रिशला मगदूमनं कपात बिस्किट बुडवलं होतं, ते तसंच विरघळून तळाशी गेलं, कारण तिची नजर पडद्यावरच्या एका आकड्यावर अडकली होती. आकडा होता अठ्ठ्याहत्तर.

चाळीस माणसांचं रक्त तपासायला आलं होतं. प्रत्येकाकडे अकराव्या गुणसूत्राच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून, म्हणजे एकूण ऐंशी. त्यातल्या अठ्ठ्याहत्तर प्रतींत एका ठरावीक जागी मूळ प्रतीपेक्षा एकतीस अक्षरं जास्त निघाली होती. संगणकानं आपल्या इमानी स्वभावाप्रमाणे अठ्ठ्याहत्तर वेळा 'जादा' असं लिहून ठेवलं होतं. उरलेल्या दोन प्रतींपुढे मात्र 'फरक नाही' असा शेरा होता.

दुसरं कुणी असतं तर पुढे गेलं असतं. पण त्रिशला गुणसूत्रांच्या धंद्यात पडण्याआधी दहा वर्षं मिरजेच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत होती. चांगल्या मुद्रितशोधकाला कुठं थांबायचं ते कळतं. जी ओळ अठ्ठ्याहत्तर प्रतींत आहे आणि मूळ प्रतीत नाही, ती त्या प्रतींत कुणी घुसडलेली नसते. ती मूळ लिहिणाऱ्याच्या हातून सुटलेली असते. अक्षरं जादा नव्हती, मूळ प्रतीतूनच गहाळ होती.

इथं थोडं थांबून ही मूळ प्रत काय प्रकार आहे ते सांगायला हवं. गुणसूत्र म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक मजकूर. ए, टी, जी, सी, संपली बाराखडी. अकराव्या गुणसूत्रात अशी साडेतेरा कोटी अक्षरं आहेत. छापायला घेतली तर तीनशे पानांची सव्वादोनशे पुस्तकं होतील आणि एकाही पुस्तकाचा अर्थ नुसतं वाचून लागणार नाही. अर्थ लागतो तो ताडून पाहिल्यावर. एका माणसाचा मजकूर प्रमाण धरायचा, त्याला मूळ प्रत म्हणायचं आणि बाकीच्यांचा मजकूर तिच्याशी अक्षराला अक्षर लावून पाहायचा. कुठल्याही दोन परक्या माणसांत हजारी एखादं अक्षर वेगळं निघतंच. म्हणजे या एका गुणसूत्रात सव्वा लाखाच्या घरात फरक, आणि त्यातले जवळजवळ सगळे निरुपद्रवी. पण काही जागा घातक म्हणून माहीत झालेल्या असतात. तिथं फरक दिसला की डॉक्टर सावध होतात.

अकरा वर्षांपूर्वी आपल्या लोकांची आपली मूळ प्रत असावी असं ठरलं आणि देशातल्या केंद्रांनी एकेक गुणसूत्र वाटून घेतलं. मिरजेच्या केंद्राच्या वाट्याला अकरावं आलं. दाता कोण हे प्रत्येक केंद्रानं गुप्त ठेवायचं होतं. प्रत तयार झाली तेव्हा केंद्रासमोर हलगी वाजली, पेढे वाटले गेले आणि परदेशातल्या जुन्या प्रती कपाटात गेल्या. आपली आल्यावर परक्याशी कशाला ताडायचं, असा एकूण सूर होता.

केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. यशवंत कुरुंदवाडकर. छापखाना बंद पडून त्रिशला घरी बसली तेव्हा त्यांनी तिला बोलावून घेतलं होतं. "मला शास्त्रज्ञ पुष्कळ मिळतील, त्रिशला. डोळा कुठं मिळतो?" असं म्हणून त्यांनी तिला ताडणीच्या टेबलावर बसवलं. छापखान्यातली जुनी रीतही उचलली. तिथं एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मूळ प्रत धरायची, अशी दोघांची जोडी असते. अवघड जागा आली की सर वाचत आणि त्रिशला धरत असे. अहवालावरही दोघांच्या सह्या होत, वाचणाऱ्याची आणि धरणाऱ्याची.

अहवालावरचा शब्दही तिचाच. 'फरक नाही' हे फार कोरडं वाटतं, काहीतरी आपलं सुचव, असं सर म्हणाले होते. तिचे वडील मिरजेच्या कोर्टात नकलनवीस होते. कागदाची नक्कल तयार झाली की ते खाली 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शिक्का मारत. अस्सलाप्रमाणे, हुकुमाबरहुकूम, काना-मात्रेचाही फरक नाही. तिनं म्हटलं, 'बरहुकूम' लिहू या. सरांना शब्द भलताच आवडला. घातक जागांपैकी एकीवरही फरक नसेल तर अहवालावर हिरव्या शाईत 'बरहुकूम' उमटू लागलं. बघता बघता सांगली-कोल्हापुरात लग्नाच्या बैठकीत मुलाच्या पगाराआधी "मुलगा बरहुकूम आहे न्हवं?" असं विचारायला लागले. शब्दाचा अर्थ एवढाच की अस्सलासारखं आहे. लोकांनी तो निर्दोष असा घेतला, आणि खरं सांगायचं तर केंद्रातल्यांनीही तसाच घेतला. अस्सलच अधू असेल तर काय, हा प्रश्न कुणाच्या मनाला शिवला नाही.

त्रिशलाच्याही शिवला नव्हता. त्या दुपारी शिवला.

तिनं ती जागा घातक जागांच्या यादीत शोधली. ती होती. हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन घडवणाऱ्या मजकुराला लागून. यादीत स्वच्छ लिहिलं होतं: येथील एकतीस अक्षरे गहाळ असल्यास हृदयाची भिंत जाड होण्याचा धोका, शंभरात चार-पाच व्यक्ती, श्रम बेताने. म्हणजे संगणक गेली अकरा वर्षं प्रत्येकाच्या प्रतीत ही अक्षरं मूळ प्रतीच्या तुलनेत गहाळ आहेत का, ते पाहत होता. मुळातच जे नाही ते गहाळ कसं दिसणार? ज्यांच्यात दोष होता त्यांच्यापुढे 'फरक नाही' येत होतं. ज्यांच्यात नव्हता त्यांच्यापुढे 'जादा' यायला हवं होतं, पण ते तिच्या टेबलावर कधी आलं नव्हतं. यंदा मूळ प्रतीच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी म्हणून केंद्रानं जुन्या सगळ्या चाळण्या, म्हणजे ठरावीक फरक पडद्याआड ठेवणाऱ्या सूचना, काढून कोरा मजकूर घेतला होता, म्हणून ते दिसलं.

म्हणजे चाळणी होती. तिनं चाळण्यांची नोंदवही उघडली. साडेनऊ वर्षांपूर्वीच्या तारखेला एक ओळ होती: 'एकतीस अक्षरे जादा. नमुन्याचे वैशिष्ट्य. दाखवू नये. य. कु.'

यशवंत कुरुंदवाडकर. त्रिशलानं ती ओळ तीनदा वाचली. सरांच्या हातून गफलत झाली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. वयही झालंय त्यांचं. पण गफलत झालेला माणूस 'दाखवू नये' असं लिहीत नाही, हेही तिला कळत होतं.

मग तिला अण्णा आठवला.

भरतेशअण्णा, तिचा थोरला भाऊ, जयसिंगपूरच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होता. पाच वर्षांपूर्वी त्यानं हौसेनं घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतली होती. त्याचा मजकूर त्रिशलानं स्वतः ताडला होता आणि चाट पडली होती. त्याच्या एका प्रतीचा जवळजवळ निम्मा भाग मूळ प्रतीशी असा जुळत होता की साडेसहा कोटी अक्षरांत एक फरक नव्हता. तिनं फोन करून त्याला चिडवलंही होतं. "अण्णा, इतकं स्वच्छ गुणसूत्र मी आजवर बघितलं नाही. तुला काचेच्या कपाटात ठेवायला पाहिजे." पुढे त्याला जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा तीच म्हणाली होती, "बरहुकूम आलंय तुझं. वजन उतरव आणि निर्धास्त राहा." दोन वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानावर फक्कीनं धावपट्टी आखता आखता तो बसला, आणि मुलांना वाटलं सर गंमत करतायत. सत्तेचाळीस वर्षांचा होता.

दोन परक्या माणसांच्या प्रतींत हजारी एक फरक असतो. साडेसहा कोटी अक्षरांत एकही फरक नाही, हे स्वच्छतेचं लक्षण नव्हतं. ते नात्याचं होतं. सख्ख्या भावंडांचं असंच निम्मं निम्मं जुळतं. हे ती रोज दहा लोकांना समजावून सांगत असे, आणि सख्ख्या भावाच्या बाबतीत मात्र तिला ते कळलं नव्हतं. भावाच्या कौतुकात तिचा डोळा चुकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती केंद्रात आली. इथल्या माणसांनी स्वतःची तपासणी करायची नाही असा नियम होता. "आपलं रक्त आपल्या टेबलावर आलं की हात थरथरतो," असं सर सांगत. नियम त्यांनीच केलेला. त्रिशलानं बोटाला सुई टोचली, थेंब यंत्रात टाकला आणि साडेतीन तास खुर्चीत बसून राहिली. मध्ये झाडणाऱ्या बाईंनी चहा आणून दिला, तो तिनं पिऊन टाकला. साडेदहाला उत्तर आलं. आईकडून आलेली प्रत मूळ प्रतीपासून सव्वा लाख ठिकाणी वेगळी. वडिलांकडून आलेली प्रत: फरक शून्य.

मूळ प्रत तीच होती. सव्वानऊ लाख लोकांचं रक्त ज्याच्याशी ताडून पाहिलं ते रक्त तिचं होतं, आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला धड रागही येईना. आपल्याच घरात आपल्या नकळत कुणी वर्षानुवर्षं राहत होतं असं कळावं, तसं काहीतरी तिला वाटत राहिलं.

उठण्यापूर्वी तिनं आणखी एकच नोंद उघडली. अन्विता भरतेश मगदूम, वय सतरा. अण्णाची मुलगी, आठशे मीटर पळणारी. अहवालावर हिरवा शब्द आणि खाली दोन सह्या. आत, कोऱ्या मजकुरात, वडिलांकडून आलेल्या प्रतीत एकतीस अक्षरं नव्हती. अन्विताची पुण्याला राज्याची निवड चाचणी होती, आणि ती परवावर आली होती.

सर किल्ला भागातल्या त्यांच्या बंगल्यात एकटेच राहत. निवृत्तीनंतरही सल्लागार म्हणून दुसऱ्या आवृत्तीचं काम त्यांच्याकडेच होतं. त्रिशला गेली तेव्हा ते स्वयंपाकघरात कॉफीचं आधण ठेवत होते.

"आलीस? ये. तुझ्यापुरतं दूध आहे."

"सर, मूळ प्रत कुणाची?"

"ते गुप्त असतं. तुला का नव्यानं सांगायचं?"

"मी सकाळी माझं रक्त लावलं यंत्राला."

सरांनी गॅस बारीक केला.

"शून्य आलं?" त्यांनी विचारलं.

"शून्य."

"बस," ते म्हणाले. ती बसली नाही. मग तेच स्टुलावर बसले आणि सांगू लागले. सांगताना त्यांचा आवाज वर्गात शिकवताना असायचा तसाच होता. दात्याच्या रक्ताची नळी पुण्याहून येताना खराब झाली. उद्घाटन आठ दिवसांवर. दुसरा दाता शोधायचा, त्याची संमती, समितीची मंजुरी, म्हणजे तीन महिने गेले असते आणि गुणसूत्र दुसऱ्या केंद्राकडे गेलं असतं. यंत्र नवं आलं त्या दिवशी चाचणीसाठी म्हणून त्रिशलानं रक्त दिलं होतं. त्याचं वाचन अप्रतिम आलेलं होतं.

"मला विचारलं का नाही?"

"तू नाही म्हणाली असतीस का?"

"नसते म्हणाले. म्हणून तर विचारायला हवं होतं."

सरांनी बसल्या जागेवरून हात लांबवून पातेल्यात कॉफी टाकली.

"अक्षरं गहाळ आहेत हे कधी कळलं तुम्हाला?"

"दीड वर्षानं. तोवर दोन लाख अहवाल गेले होते, त्रिशला. मूळ प्रत अधू आहे म्हटलं असतं तर ती कुणाची, कशी आली, सगळं बाहेर आलं असतं. केंद्र बंद झालं असतं. आणि अगं, ज्यांच्यात हा दोष असतो त्यांतल्या बहुतेकांना साठीपर्यंत काही होत नाही. तू बघ की. चव्वेचाळीसची झालीस, ठणठणीत आहेस."

"अण्णा सत्तेचाळीसचा होता."

"ते मला ठाऊक आहे."

"त्याचा अहवाल तुम्ही दोन दिवस ठेवून घेतला होतात. एरवी तासाभरात सही करून द्यायचात. मी म्हटलं, कामाचा व्याप असेल. तुम्ही बघितलं होतंत ना, सर?"

कॉफी उतू गेली. सरांनी उठून गॅस बंद केला, फडक्यानं ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं आणि मग पाठमोरेच म्हणाले, "बघितलं होतं. दोन दिवस विचार केला. त्याला सांगायचं तर तुला सांगावं लागलं असतं. तुला सांगायचं तर सगळ्यांना."

अण्णा गेला तेव्हा हा माणूस घरी येऊन तास-दोन तास बसला होता. वहिनीला म्हणाला होता, नियतीपुढं शास्त्राचं काही चालत नाही. त्रिशलाच्या डोक्यावर हात ठेवला होता. तिला त्या हाताचा आधार वाटला होता, आणि आता त्याच जागी शिसारी आली. वडिलांच्या मागं तिनं कुणाला वडीलधारं मानलं असेल तर ते या माणसाला. त्यानं केसानं गळा कापला होता, आणि तिचा एकटीचा नाही.

"पंधरा तारखेला दुसरी आवृत्ती निघतेय," सर वळून म्हणाले. "तीत नवा दाता, अक्षरं जागच्या जागी. जुने अहवाल पाच वर्षांत क्रमाक्रमानं नवे होतील. बोभाटा न होता सगळं सरळ होईल. संपादक म्हणून तुझं नाव घातलंय मी, पहिलं. प्रस्तावना वाचून बघ हवं तर."

"शंभरात चार धरले तरी सदतीस हजार लोक आहेत, सर. पाच वर्षांत त्यांतले किती जातील?"

"तो आकडा मी काढलेला नाही."

"तुम्ही कुठलाही आकडा काढायचा सोडत नाही," ती म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली.

मिरज स्टँडच्या बाकावर बसून तिनं फोनवर अकरा ओळी लिहिल्या. मूळ प्रतीत काय नाही, केव्हापासून नाही, ते कुणी झाकलं. नोंदवहीच्या त्या पानाचं छायाचित्र जोडलं. खाली लिहिलं, मूळ प्रतीची दाता मी, त्रिशला मगदूम. अहवालांवर दुसरी सही माझी आहे. आरोग्य खात्याला, इतर केंद्रांना आणि तीन वर्तमानपत्रांना ते पाठवून दिलं. आपली नोकरी गेली हे तिला समजत होतं, पण जयसिंगपूरची गाडी लागली होती आणि तिला जागा पकडायची होती.

पद्मजावहिनी अंगणात मेथी निवडत बसली होती. "अगं बाई, आज मधल्यावारी कशी आलीस? जेवलीयास का?"

"वहिनी, अन्विता कुठाय?"

"मैदानावर. येईल की आता. का गं?"

त्रिशला तिच्यासमोर पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. शास्त्र सांगितलं नाही, जे झालं ते सांगितलं. वहिनी मेथी निवडत ऐकत होती. अर्ध्यात तिचा हात थांबला, पण तिनं मान वर केली नाही.

"म्हणजे ह्यांना ते होतं," ती म्हणाली.

"होय."

"आणि कागदावर नव्हतं."

"नव्हतं."

"सही तुझी आहे त्याच्यावर."

"माझीच आहे."

"त्यांना धाप लागायची तेव्हा मी किती मागं लागले होते, दवाखान्यात चला म्हणून," वहिनी अगदी सावकाश बोलत होती. "तर मलाच हसायचे. त्रिशलानं बघितलंय म्हणे, ती डोळ्यांत तेल घालून बघती. तुझ्या जिवावर निर्धास्त होते बघ ते. माझ्यापेक्षा तुझ्यावर जास्त भरवसा होता त्यांचा."

"मलाही फसवलं, वहिनी. मला खरंच माहीत नव्हतं."

"असेल. मी नाही म्हणत नाही." वहिनीनं मेथीची जुडी टोपलीत टाकली. "पण तुला कुणी फसवलं त्याचं मी काय करू? मला तर तूच सांगितलं होतंस."

फाटक वाजलं. अन्विता आली, घामानं निथळत, हातात पाण्याची बाटली. आत्याला बघून हसली आणि दोघींचे चेहरे बघून थांबली. वहिनीनंच तिला दोन वाक्यांत सांगितलं. मुलीनं ऐकून घेतलं आणि ती आत्याकडे वळली.

"मला काय होत नाही. मी आत्ता चार फेऱ्या मारून आलेय."

"तुझ्या बाबांनाही काही होत नव्हतं," त्रिशला म्हणाली. "परवा पळू नकोस. एवढंच ऐक माझं."

"परवा नाही पळाले तर वर्ष गेलं माझं, आत्या."

"उद्या सांगलीला जायचं," वहिनी उठत म्हणाली. "छातीच्या डॉक्टरांकडं. ती सोनोग्राफी करतात ना हृदयाची, ती. काय दिसेल ते दिसेल. गुणसूत्र-बिणसूत्र मला नको आता घरात."

सकाळपर्यंत बातमी सगळीकडे झाली होती. सांगलीच्या दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या लोक फोनवर तीच वाचत होते, आणि एक आजोबा आपला हिरव्या शब्दाचा कागद पिशवीतून काढून पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघत होते. केंद्राचं निवेदनही आलं होतं. वहिनीनं ते वाचलं आणि फोन त्रिशलाच्या हातात दिला. खाली सल्लागार म्हणून सही डॉ. कुरुंदवाडकरांची होती. 'ताडणीची प्राथमिक जबाबदारी श्रीमती मगदूम यांच्याकडे होती. त्यांच्या नजरचुकीची चौकशी करण्यात येईल.' त्रिशलाला वाटलं होतं की काल दुपारी जे दुखायचं होतं ते सगळं दुखून झालंय. तसं नव्हतं.

डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी अन्विताच्या छातीवर ते यंत्र फिरवलं, पडद्यावर रेघा ओढून मापं घेतली, पुन्हा घेतली. मग तिघींना समोर बसवून सांगितलं. भिंत सोळा मिलिमीटर. या वयात नऊ-दहा असायला हवी. घाबरण्यासारखं नाही, औषधं आहेत, नीट राहिली तर म्हातारी होईल. पण स्पर्धेचं पळणं आजपासून बंद. "वेळेत आणलंत," ते म्हणाले. "उद्या पळाली असती तर मी काही सांगू शकलो नसतो."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. अन्विता रडली नाही. बाहेर आल्यावर तिनं फोन काढून प्रशिक्षकांना निरोप पाठवला आणि फोन खिशात ठेवला. त्रिशला तिच्या खांद्याला हात लावायला गेली तेव्हा ती बाजूला सरकली.

"बाबांना तू सांगितलंस, निर्धास्त राहा," ती म्हणाली. "मला सांगितलंस, थांब. दोन्ही वेळा तुझा आवाज सारखाच होता, आत्या. एवढाच खात्रीचा."

मुलीचं काही चुकत नव्हतं.

वहिनीनं गाडीची किल्ली काढली. जराशी थांबली, मागं वळली. "पोरीचा जीव वाचवलास. ते मी विसरायची नाही. तुझ्या सरांनी केलं तसं तू केलं नाहीस हेही मला कळतंय. पण थोडे दिवस येऊ नकोस तिकडं. तुला बघितलं की मला त्यांचं हसणं आठवतंय." मग सवयीनं विचारलं, "जाशील ना तू तुझी?"

"जाईन."

दोघी गेल्या. त्रिशला फुटपाथवर उभी राहिली. तिच्या फोनची घंटी थांबत नव्हती, पत्रकार, अनोळखी माणसं, आरोग्य खातं. या सगळ्यांना काय हवं ते तिला ठाऊक होतं. कालपासून इतक्या जणांशी ती या एकतीस अक्षरांबद्दल बोलली होती, आणि ती अक्षरं तिच्यात नाहीत त्याचं काय, हे एकानंही विचारलं नव्हतं. तिनं स्वतःनंसुद्धा नाही.

तिनं फोन बंद केला आणि ती पुन्हा दवाखान्याचा जिना चढली. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला धाप लागली होती. ती कालच्या जागरणाची होती की आणखी कशाची, हे तिला सांगता आलं नसतं. खिडकीमागच्या मुलीनं वही पुढं ओढली.

"नाव?"

"त्रिशला मगदूम."

मुलीनं झटकन वर बघितलं. नाव तिनं सकाळीच वाचलेलं असणार. पण ती चांगल्या वळणाची होती, लिहीत राहिली.

"घरात कुणाला हृदयाचं काही?"

"भावाला होतं. भाचीला आहे."

"सोबत कोण आलंय?"

"कुणी नाही."

"एक नातेवाईक लागतो हो. डॉक्टर रिपोर्ट सांगतात तेव्हा पेशंट घाबरतो, नीट ऐकत नाही. दुसरं कुणीतरी ऐकायला पाहिजे."

"मी ऐकीन," त्रिशला म्हणाली आणि बाकावर त्या आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. आजोबांनी आपला कागद तिच्यापुढे धरला आणि विचारलं, "बाई, तुम्हाला वाचता येतंय का? हे खरं आहे का खोटं, तेवढं सांगा."